बाबांच्या सात नंबरचा कोन

बाबा चार वाजता येणार होते आणि अडीचपासून माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. पुसलेल्या स्टिक परत पुसल्या. रबरी मुठींचा ड्रॉवर उगाच उपसला आणि जसाच्या तसा भरला. कुणीतरी फोनवर साधं 'किती वाजेपर्यंत उघडं असतं' विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले.

आमचं दुकान गोल्फच्या स्टिक दुरुस्त करायचं आणि खेळणाऱ्याच्या मापाच्या करून द्यायचं. बाबांनी ते तीस वर्षं चालवलं, गेली सहा वर्षं मी चालवते. ते मात्र अजून 'माझं दुकान' म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. दुकानाला एक नियम आहे, त्यांनीच घालून दिलेला: सांगितल्याशिवाय कुणाच्या स्टिकचा कोन बदलायचा नाही. पातं जितकं मागे झुकलेलं, तितका कोन जास्त. कोन कमी केला की चेंडू खालून आणि लांब जातो. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड असतं, त्यावर एकेका स्टिकचा कोन लिहिलेला. पत्र्याच्या डब्यात अशी चारेकशे कार्डं आहेत. त्यातलं एकच खोटं आहे. ते बाबांचं.

झालं असं, की गेल्या वर्षी त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी पात्याच्या स्टिकने, दीडशे यार्ड मारणारा माणूस एकशे अडतीसवर आला. दर शनिवारचे जोडीदार वकीलकाका, चाळीस वर्षांचे दोस्त, त्यावर अवाक्षर बोलले नाहीत आणि नेमकं तेच बाबांना लागलं. बॅग दाराआड गेली. बाबा दिवसभर घरात बसून आईला भाजी कशी चिरावी ते शिकवायला लागले. तिचा मला फोन आला, "ह्यांना बाहेर काढ, नाहीतर मी बाहेर पडते."

मुठी बदलून देते म्हणून मी बॅग आणली आणि सगळ्या आयर्न एकेका अंशाने वाकवल्या. मऊ लोखंडाच्या आहेत. शिकंज्यात धरून लांब दांडीने बेताचा दाब दिला की वाकतात. पुढच्या महिन्यात साफ करते म्हणून आणखी एक अंश. मग तिसरा. सात नंबर परत दीडशेवर गेला आणि बाबांना वाटलं, ताकद परत येतेय. खांद्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना ते फुलांचा गुच्छ देऊन आले. मी कार्डावर जुनेच आकडे राहू दिले.

इथवर सगळं छान होतं. पण मी एक गोष्ट विसरले, आणि विसरायलासुद्धा याच धंद्यातलं माणूस लागतं. कोन कमी केला की पात्याची खालची धारही जमिनीकडे वळते. लांबच्या फटक्यात ते खपून जातं. जवळच्या हलक्या फटक्यात, पिचिंग वेज ही आयर्नमधली शेवटची, सगळ्यात झुकलेली स्टिक हातात असताना, धार चेंडूच्या आधी मातीत रुतते. बाबांची रुतायला लागली. शिवाय त्यांची पिचिंग वेज आता लांब मारत होती, आणि तिच्यानंतरची जुनी वेज, जी मी वाकवली नव्हती, होती तिथेच. मधल्या, नव्वदेक यार्डांच्या फटक्यासाठी त्यांच्याकडे स्टिकच उरली नव्हती. बाबांनी त्यावरून एवढाच निष्कर्ष काढला की आपले हात गेले.

"मला त्या चुका पोटात घालणाऱ्या वेज दे," परवा ते फोनवर म्हणाले. "रुंद तळाच्या, मागून पोकळ असतात त्या. म्हाताऱ्यांच्या. माझ्या आयर्नशी जुळतील अशा बघ. त्यांनीही नाही जमलं तर बॅग देऊन टाकतो कुणालातरी."

'म्हाताऱ्यांच्या' म्हणताना त्यांचा आवाज असा काही पडला की मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. बॅग गेली की बाबा परत घरात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जुळतील अशा म्हणजे कशाशी जुळतील? कार्डावर त्यांची पिचिंग वेज शेचाळीस अंशांची. त्या हिशेबाने पन्नास आणि चौपन्न द्यायला हव्यात. मग मधलं भगदाड तसंच राहणार. खरी पिचिंग वेज त्रेचाळीसची. म्हणजे द्यायला हव्यात अठ्ठेचाळीस आणि त्रेपन्न. आणि 'अठ्ठेचाळीस कशाला?' हे बाबा विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. शेवटी मी सकाळी एक आगाऊपणा केला. अठ्ठेचाळीसची कोरी वेज घेतली आणि तिच्यावर ठोकून 'पन्नास' उमटवलं.

चारला पाच मिनिटं असताना बाबा आले. चेंडू मारून बघायला दुकानात लावलेल्या जाळीसमोर उभे राहून त्यांनी नव्या वेजने दहा चेंडू मारले. रुंद तळ चटईवरून सुळकन सरकत होता, एकही फटका अडकला नाही. बाबांचा चेहरा खुलला. मी श्वास सोडला. आणि त्यांनी, तीस वर्षांची सवय, ती वेज उचलून कोन मोजायच्या यंत्रात लावली.

"अठ्ठेचाळीस दाखवतंय. वर तर पन्नास आहे."

"असेल काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

त्यांनी आकड्यावरून अंगठा फिरवला. ताज्या ठोक्याची कड बोटाला लागते. ती घासून काढायला हवी होती. अडीचपासून मी मुठी उपसत बसले आणि ती राहून गेली.

बाबांनी आपल्या बॅगेतून सात नंबर काढून यंत्रात लावला, चष्मा सारखा केला. "लिही," म्हणाले. मी दहा वर्षांची असताना म्हणायचे, अगदी तसं. "सात. एकतीस."

मी लिहिलं.

"आठ. पस्तीस. नऊ. एकोणचाळीस. पिचिंग, त्रेचाळीस." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

"म्हणजे माझे दीडशे..."

"अडतीसच आहेत. एकशे अडतीस. आणि धार रुतते ती तुमच्या हातांमुळे नाही, बाबा, माझ्यामुळे. हात ठणठणीत आहेत तुमचे. मी खोटं वागले, पण तुम्ही असे घरात बसून..." रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

बाबांनी सात नंबर उजेडात धरला. "पात्याच्या मानेवर ओरखडासुद्धा नाही," ते म्हणाले. "वाकवलंयस मात्र झकास." मग स्टुलावर बसले. "वर्षभर मी वकिलाला चिडवतोय गं. तो एकशे तीसवर आलाय. मी म्हणतो, आळशी झालास, व्यायाम कर. गेले दोन शनिवार तो आलाच नाही. पाहुणे आलेत म्हणाला."

"परत होत्या तशा करून देऊ?"

"हात लावायचा नाही माझ्या आयर्नला," बाबा एकदम उसळले. "अठ्ठेचाळीस आणि त्रेपन्न दे. आणि माझं कार्ड नीट कर."

नव्या वेज घेऊन ते निघून गेले. माफ केलं की नाही, काही कळलं नाही. पुढचे चार दिवस मी दुकानात नुसती येरझारा घालत होते. शनिवारी आईला फोन केला तर म्हणाली, "सकाळीच गेलेत बॅग घेऊन. वकिलांना घरातून ओढून काढणार होते."

सोमवारी दुकान उघडते न उघडते तोच बाबा आले. खांद्यावर बॅग होती, पण ती त्यांची नव्हती. ती त्यांनी माझ्या टेबलाला टेकवून ठेवली.

"वकिलाची. मुठी बदलून देतो म्हणून सांगितलंय त्याला," बाबा म्हणाले. "महिन्याला एकच अंश. आणि खालची धार घासून थोडी गोल कर, नाहीतर त्याचीही रुतेल."

मी पत्र्याच्या डब्यातून वकीलकाकांचं कार्ड काढलं आणि पेन उघडलं. बाबांनी ते कार्ड माझ्या हातातून घेतलं, एकदा वाचलं आणि होतं तिथे परत ठेवून दिलं.

"ह्याच्यावर जुनेच आकडे राहू देत," ते म्हणाले.