दर घोटाला

"ह्ये पानी न्हाई," गोजराबाई म्हणाल्या. "खळ हाय खळ. कापडाला लाव."

"आई, एकच चमचा. माझी बस येईल आता."

"मग त्या बसलाच पाज."

अरुणाने चमचा तिरका करून पाहिला. पावडर कालवलेलं पाणी चमच्याच्या टोकाशी थबकलं आणि मधासारखं सावकाश खाली ओघळलं. बरोबर होतं. दिवाळीच्या आधी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि गिळणंही बिघडलं. साधं पाणी घशात फार वेगाने उतरतं. श्वासनलिकेवरचं झाकण वेळेवर मिटलं नाही, तर ते तिथून थेट फुप्फुसात जातं. घट्ट पाणी हळू चालतं, घशाला तयारीला वेळ देतं. दवाखान्यातल्या थेरपिस्टने हे समजावलं तेव्हा अरुणाला ते लगेच पटलं. महापेच्या रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ती दिवसभर हेच तपासायची, कोणता द्रव किती वेगाने वाहतो. गोजराबाईंना मात्र काही पटलं नव्हतं. नगरकडच्या विहिरीचं पाणी जन्मभर ओंजळीने प्यायलेल्या बाईला पाणी चमच्याने घ्यायला कोण पटवणार?

फोन वाजला. चर्चचे पाळकसाहेब होते. अरुणाने तो स्पीकरवर टाकला.

"अरुणाताई, शुक्रवारचं ठरलं बरं का. पाचवा उद्गार तुम्ही घ्यायचा."

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असायची. प्रभूने क्रुसावरून काढलेले सात उद्गार चर्चच्या मंडळीतल्या सात जणांना वाटून देत, आणि ज्याने त्याने आपल्या उद्गारावर बोलायचं. पाचवा उद्गार तहानेचा: 'मला तहान लागली आहे.'

"साहेब, मी कशी काय? मी कधी..."

"प्रियदर्शिनीताईंनीच तुमचं नाव सुचवलं. म्हणाल्या, ही बाई कंपनीच्या बसमध्ये बसली की डोळे मिटते, मान खाली घालते, ती महापे आल्यावरच वर करते. एवढ्या धावपळीत रोजची प्रार्थना चुकत नाही. असं माणूस बोललं की मंडळीला बळ मिळतं."

अरुणा खरं ते सांगणार, तोच गोजराबाईंना ठसका लागला. तिने त्यांना पुढे वाकवलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. श्वास जागेवर आला तेव्हा फोन बंद झाला होता. संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर सात नावं आली. तिच्या नावाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

अरुणा बसमध्ये झोपायची.

पूर्वी ती पहाटे उठून खांदेश्वरच्या दोन खोल्यांच्या घराच्या गॅलरीत बायबल उघडून बसायची. खाली दूधवाल्याची स्कूटर यायच्या आत तिचा अध्याय वाचून झालेला असायचा. आता पहाट सासूबाईंची चादर बदलण्यात जायची. नवरा विश्वजित न्हावाशेव्याच्या बंदरात पाळ्यांवर, मुलगी श्रुती मेडिकलच्या क्लासला, दिवसा सांभाळायला येणारी बाई कधी येणार कधी दांडी मारणार. रात्री पाठ टेकून "हे प्रभू" म्हणायची, तर पुढचा शब्द सकाळी गजर झाल्यावर आठवायचा. तिला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. आत सगळं नुसतं कोरडं झालं होतं. अशा बाईने वेदीपुढे उभं राहून तहानेवर काय बोलावं?

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिने प्रियदर्शिनीताईंना गाठलं. त्या त्याच कारखान्यात अकाउंट्समध्ये होत्या आणि मंडळीच्या महिला संघाच्या चिटणीस.

"ताई, ते माझं नाव काढा ना. मी बसमध्ये खरं म्हणजे..."

"अगं, असं बोलून नाही दाखवायचं. ज्याला कळायचं त्याला कळतंय," असं म्हणून ताईंनी तिच्या मांडीवरचा डबा स्वतःकडे घेतला आणि तिच्या प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून तोंड खिडकीकडे फिरवलं. आता काय करावं ते न कळून अरुणाने लाजेने डोळे मिटले. खारघर यायच्या आत तिला झोप लागली.

प्रयोगशाळेत तिने एकदा प्रयत्न करून पाहिला. तळाला भोक असलेल्या कपात निळा रंग भरला. धार वाहू लागली. आता ती तुटेपर्यंत फक्त पाहायचं होतं. तेवढ्यात प्रार्थना करावी, असं तिने ठरवलं. "हे प्रभू," ती मनात म्हणाली. मग आठवलं, पावडरचा डबा संपत आलाय. मग गिझर. मग श्रुतीची टेस्ट. धार कधी तुटली ते कळलंच नाही आणि नमुना पुन्हा भरावा लागला.

गुरुवारी संध्याकाळी घरात भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. श्रुती पंख्याखाली पुस्तकं पसरून बसली होती.

"मम्मी, सरळ नाही सांगून टाक ना. एवढं काय टेन्शन घेतेस?"

"आदल्या संध्याकाळी सांगू?"

"मग एआयकडून लिहून घेऊ. दोन मिनिटांत मस्त भाषण देईल."

"त्याला तहान लागते का?"

"नाही. चार्जिंग लागतं."

अरुणाला हसू आलं, पण ते ओठापर्यंत पोचलं नाही. ती सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन बसली. गोजराबाईंचे ओठ सुकून भेगाळले होते. थेरपिस्टने सांगितलं होतं, फार कोरड पडली तर स्पंजची काडी ओली करायची, पिळायची आणि तोंडातून फिरवायची. अरुणाने तशी फिरवली. गोजराबाईंनी स्पंज दातांत धरला आणि डोळे मिटून चोखला.

अरुणाचा हात थांबला. क्रुसावर तहानलेल्या प्रभूच्या तोंडाशी सैनिकांनी काठीला लावून वर केलेला तो स्पंज तिला दिसला. लहानपणापासून ती ते ऐकत आली होती. स्पंज असा दातांत धरला जातो, हे कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं.

"थांबलीस का?" गोजराबाई म्हणाल्या. "काय व्हतंय तुला?"

"आई, उद्या मी जाणार नाही. पोट दुखतंय असं कळवते. दिवाळीपासून माझं आणि देवाचं बोलणंच नाही. आणि लोकांना वाटतंय मी बसमध्ये प्रार्थना करते. तिथे उभं राहून खोटं बोलू?"

गोजराबाईंनी एका बाजूने ओढलेलं तोंड जरा सरळ केलं.

"बोलनं न्हाई, मंग दर घोटाला कुनाशी बोलतीस?"

"कधी?"

"चमचा माज्या तोंडात घातलास की. 'उतरू दे, प्रभू, उतरू दे.' माजा घोट उतरंस्तवर तुजं चालूच. मला वाटलं, त्या दवाखान्यातल्या पोरीनं शिकवलं आसंल."

"काहीतरीच. मी नाही म्हणत."

"बरं. पाज मंग."

अरुणाने पाणी कालवलं, चमचा तिरका करून पाहिला आणि गोजराबाईंच्या तोंडात घातला. मग नेहमीप्रमाणे तिने त्यांच्या गळ्याकडे नजर लावली. कंठ वर जायला हवा, मग खाली यायला हवा, तोपर्यंत दुसरा चमचा नाही. ती वाट पाहू लागली. आणि वाट पाहता पाहता तिला स्वतःचे ओठ हलताना जाणवले.

तिने ओठ घट्ट मिटले. शब्द आत चालूच राहिले.

"श्रुती," तिने वळून विचारलं, "आजीला पाजताना मी काही बोलते का गं?"

"रोज. मला पाठ झालंय आता."

"सांगितलं नाहीस ते?"

"मला काय माहीत, तुला माहीत नसेल म्हणून."

गोजराबाईंचा घोट उतरला होता. "त्यानंबी मागितलंच की, क्रुसावर," त्या म्हणाल्या. "देव आसून लाजला न्हाई. तू का लाजतीस? दुसरा दे."

शुक्रवारी विश्वजितची सुट्टी होती. तो आईपाशी राहिला. नव्या पनवेलचं चर्च पांढऱ्या साड्यांनी भरलं होतं. दारं उघडी, पंखे गरम हवा फिरवत होते. सकाळपासून उपाशी असलेली माणसं हातातल्या कागदाने वारा घेत होती. पहिल्या चार वक्त्यांनी लिहून आणलेलं वाचलं. अरुणा उठली तेव्हा तिचे हात मोकळे होते. दुसऱ्या रांगेत श्रुतीने फोन उंच धरला. पलीकडे घरी, गोजराबाईंच्या पलंगाशी, विश्वजितच्या फोनवर हे सगळं दिसत होतं.

"मला हा उद्गार का दिला, ते आधी सांगते," अरुणा म्हणाली. "मी बसमध्ये प्रार्थना करते असं वाटलं म्हणून. मी करत नाही. मी झोपते. कधीकधी घोरतेसुद्धा."

उत्तम शुक्रवारी हसायचं कसं? मग मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ फसकन हसले आणि पाळकसाहेबांनी खाली पाहत रुमाल तोंडाला लावला. प्रियदर्शिनीताई तेवढ्या ताठ बसून होत्या.

"घरी आमच्या आई आहेत. त्यांना साधं पाणी चालत नाही. घट्ट करून चमच्याने द्यावं लागतं. त्या त्याला खळ म्हणतात. प्रत्येक चमच्याला मी त्यांच्या गळ्याकडे बघत बसते. आणि म्हणे, मी काहीतरी मागत असते. मला माहीतच नव्हतं. मी समजत होते, देव गॅलरीत बसलाय आणि मला तिथे जायला वेळ मिळत नाही. तो माझ्या चमच्यापाशी येऊन बसला होता."

तिने आवंढा गिळला. अख्खं चर्च तिच्या घशाकडे पाहत होतं.

"ज्यांनी खिळे ठोकले, त्यांच्याकडे प्रभूने पाणी मागितलं. मला तर तुमच्याकडेसुद्धा काही मागायची लाज वाटायची. आज मागते. माझ्यासाठी प्रार्थना करा. मी थकलेय, आणि मला तहान आहे. एवढंच."

दहा मिनिटं दिली होती. तिने अर्धीही घेतली नव्हती. ती खाली उतरली आणि पेटीवाल्याने सूर धरला. उत्तम शुक्रवारची गीतं दबल्या आवाजात म्हणायची रीत. पण पहिल्या ओळीनंतर कुणी आवाज दाबलाच नाही. कोरड्या घशांतून ते गाणं असं उठलं, की बाहेर रस्त्यावर उसाच्या रसाची गाडी ढकलणारा माणूस दारात उभा राहून ऐकू लागला. अरुणा सगळ्यांत मोठ्याने गात होती.

उपासना संपल्यावर प्रियदर्शिनीताईंनी तिला दारात अडवलं.

"माझं नाक कापलंस तू."

"सांगत होते ना, ताई."

"सोमवारपासून तू झोप. खांदेश्वर ते महापे. तुझ्या वाटची प्रार्थना मी करते, माझ्या प्रार्थनेसोबत. आणि रविवारी दुपारी मी येते तुझ्याकडे. कालवायचं कसं ते दाखव. एवढा घट्टपणा मलाही जमेल."

विश्वजितने दार उघडलं. त्याचे डोळे लाल होते. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"साऱ्या मंडळीत माजी बदनामी केलीस," आतून आवाज आला. "खळ म्हनं. विश्वा, ग्लासात पानी आन. साधं."

"आई, साधं तुला..."

"मला न्हाई रं, येड्या. तिला. सकाळधरनं उपाशी हाय ती."

विश्वजितने पाणी आणलं. गोजराबाईंनी डाव्या हाताने चमचा मागून घेतला. अरुणा ग्लास तोंडाला लावणार होती, मग तिने तो तसाच धरून ठेवला आणि पलंगाशी जमिनीवर बसली. चमचा थरथरत निघाला. निम्मं पाणी पांढऱ्या साडीवर सांडलं, उरलेलं तिच्या तोंडात गेलं.

गोजराबाई सुनेच्या गळ्याकडे टक लावून बसल्या. त्यांचे वाकडे ओठ हलत होते.

अरुणाचा कंठ वर गेला, खाली आला. मगच त्यांनी दुसऱ्या चमच्यासाठी ग्लासाकडे हात नेला.