मोरपंखी इंजिन

स्टुडिओतल्या मुलीने माऊस जरासा सरकवला आणि पडद्यावरचं इंजिन गुलाबीचं जांभळं झालं.

"असं होतं का?" तिने विचारलं.

"छे," रंगवाले म्हणाले.

त्यांचे साडू शेजारच्या स्टुलावर हात चोळत बसले होते. फोटो त्यांचा. रेल्वेगाड्यांच्या बदलत्या रंगांचं प्रदर्शन भरणार होतं. आधी तांबड्या गाड्या, मग निळ्या, मग पांढऱ्या पट्ट्यांच्या, अशा ओळीने भिंती भरायच्या होत्या आणि मधली मोठी जागा या एका फोटोला राखून ठेवली होती. फार पूर्वी नमुना म्हणून एकच इंजिन मोरपंखी रंगवलं होतं. ते एकदाच धावलं, वरच्यांना आवडलं नाही, परत तांबडं झालं. त्याचा रंगीत फोटो एवढा एकच. आता तोही विटून गुलाबी पडला होता, निगेटिव्हसकट.

"माझ्या काही लक्षात नाही हो," साडू म्हणाले. "तुमचं रंगाचं दुकान. छटा तुमच्या डोळ्यांत बसलेल्या."

दुकानाचा यात काडीचाही संबंध नव्हता. ते इंजिन धावलं त्या दिवशी दोघे रुळांवरच्या पुलाच्या कठड्याशी शेजारी उभे होते. ऊन छान पडलंय म्हणून रंगवाल्यांनी रंगीत रोलचा शेवटचा फोटो एका नेहमीच्या मालगाडीवर घालवला. मोरपंखी इंजिन आलं तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात कृष्णधवल रोल होता. साडूंनी बटण दाबलं ते निव्वळ गळ्यात कॅमेरा होता म्हणून. ज्या माणसाला डिझेलचं इंजिन कोणतं आणि विजेचं कोणतं हे विचारावं लागे, त्याच्या दिवाणखान्यात तो फोटो लागला. मेहुणीकडे जेवायला गेलं की रंगवाले मुद्दाम त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे आणि निघताना बघायचेच. जीव जळायचा. बायकोला सगळं ठाऊक होतं. "झालं का दर्शन?" असं ती जिन्यातच विचारायची.

"आता?" मुलगी म्हणाली.

पडद्यावर निळसर हिरवा रंग आला होता. बरा होता, पण मळकट. कुणालाही पटला असता.

"बास. हाच," रंगवाले म्हणाले.

साडूंचा चेहरा खुलला. "तुम्ही म्हणताय म्हणजे तोच."

मुलगी फोटो सेव्ह करायला लागली. रंगवाल्यांनी पुन्हा इंजिनाकडे पाहिलं. मनाला शांत वाटत होतं. इतक्या वर्षांत हा फोटो समोर असताना त्यांना कधी शांत वाटलं नव्हतं. ते थोडा वेळ वाट बघत राहिले. जीव काही जळेना.

"थांब गं," ते म्हणाले. "हा नाही. मळ काढ आधी. निळा वाढव थोडा."

"अजून?"

"अजून. उजळ कर."

"एकदम भडक नाही ना होणार?" साडूंनी विचारलं.

"होऊ दे. तसंच होतं ते."

रंग चढत गेला. कडेचा पिवळा पट्टा उठून आला, आणि रंगवाल्यांचा जीव जळाला, पुलावर जळाला होता अगदी तसा. साडूंनी आनंदाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांना नकोसा झाला.

"हा," ते म्हणाले. "आता याला हात लावू नकोस."