समोरच्या बंदरातली नोकरी

मी एक टग बोलतोय. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढून-ढकलून धक्क्याला लावणारी लहानशी, दणकट बोट. माझा आवाज आता बसलाय, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या बंदराला लागूनच असलेल्या कारखान्यात माझा जन्म झाला. पाण्यात उतरल्यापासून माझं चाक एकाच तांडेलाच्या हातात आहे. तो तिच्यापेक्षा माझ्याशीच जास्त बोलतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार. तेव्हा कामच इतकं असायचं की माझं इंजिन कधी नीट गार होत नसे.

मग बातमी आली, समोरच्या बेटावर नवं बंदर होणार. पैसा आमच्या उत्तरेच्या शेजारी देशाचा. तो देश दिवसेंदिवस मोठा होत चाललेला, आणि त्याचं नि आमचं कधी जमलं नाही. आमच्या धक्क्यावर सगळे हसले.

"एवढंसं बेट! तिथे जहाजं काय हवा खायला जाणार?" तांडेल म्हणाला.

आमच्याकडे गाळ काढायचं काम दरवर्षी पुढच्या वर्षावर जात होतं. तिकडे समुद्र खोल खणून झाला. मोठी जहाजं आमच्या समोरून, साधी शिट्टीही न देता, तिकडे जाऊ लागली. मी धक्क्याला बांधलेला. अंगावर शेवाळ चढलं.

शेवटी आमच्या बंदराच्या साहेबांनी मला त्याच बंदराला भाड्याने दिलं. काम पसंत पडलं तर ते मला ठेवून घेणार, नाहीतर परत येऊन भंगारात जायचं.

"अहो, ज्यांनी आपलं काम पळवलं, त्यांच्याच दारात राबायचं?" तांडेलाच्या बायकोने विचारलं.

"मग याला तोडू देऊ?" असं म्हणून तांडेल वळकटी घेऊन माझ्यावर चढला.

तिथे पहिल्याच दिवशी फजिती झाली. हुकूम कळला की एक लांब शिट्टी द्यायची, ही आमच्याकडची पद्धत. तांडेलाने सवयीने ती दिली. तिथे लांब शिट्टी म्हणजे 'थांबा'. जहाज, दुसरे टग, सगळे जागच्या जागी थबकले.

जहाजाला वाट दाखवणारी पायलट त्या बेटावरचीच मुलगी. ती वायरलेसवर हसत म्हणाली, "काका, तुम्ही तर अख्खं बंदर बंद पाडलंत!"

"तेवढं जमलं असतं तर काय हवं होतं," तांडेल माझ्यापुरतं पुटपुटला.

माणसं चांगली आहेत हो तिथली. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

एके दिवशी ओळखीचं जहाज आलं. पूर्वी ते आमच्याकडे येई. त्याचा आचारी कठड्यावरून ओरडला, "तांडेल! तुम्हीपण इकडेच? बरं केलंत, तिकडे आता आहे काय!"

तांडेलाने टोपी डोळ्यांवर ओढली. वारा आडवा होता. मी जरा ढिला पडलो असतो तर परत पाठवलं असतं. पण दोर ताणला गेला आणि अंगात बळ आलं. इतकं छान मी आमच्या बंदरातही कधी ओढलं नव्हतं. मला लाज वाटते ती याचीच.

"काका, आता तुम्हाला सोडायचं नाही," पायलट मायेने म्हणाली.

संध्याकाळी तांडेलाने घरी फोन लावला. "ठेवून घेतलं आम्हाला."

 पलीकडून बायको हळूच म्हणाली, "ही आनंदाची बातमी आहे का हो?"

तांडेलाने फोन खिशात टाकला आणि माझा दोर पुन्हा एकदा तपासला. 

कधी या बाजूने जहाजातून गेलात आणि खाली एखादा जुना टग नेटाने ओढताना दिसला, तर त्याचं कौतुक करू नका. नजर वळवा आणि पुढे जा.