थांबवलंय, सोडलेलं नाही

आमच्या जेवणाच्या टेबलाला तीन पाय आहेत आणि एक इंजिन. चौथा पाय मोडला तेव्हा सहाव्या प्रयोगाचं इंजिन नेमकं त्याच उंचीचं निघालं, आणि यांना इतका आनंद झाला की जणू तो प्रयोग टेबलासाठीच केला होता. दुसरं इंजिन न्हाणीघरात आहे, त्यावर बादली ठेवतो. सातव्याच्या चार सिलिंडरांत मी चार रोपं लावली आहेत. यांच्या इंजिनांपैकी कुठल्याही कामात यश आलेलं तेवढं एकच, दरवर्षी फुलतं.

आमचे हे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पंपचालक आहेत. तिथले पंप डिझेलवर चालतात आणि डिझेलवर यांचा भारी जीव. "पेट्रोल परावलंबी," हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. "प्लगची ठिणगी पडेल तेव्हा पेटणार. डिझेलचं तसं नाही. नुसतं दाबा, आपलं आपण पेटतं." मी म्हणते, मग माझ्याही डोक्यात डिझेलच भरलेलं असणार.

माझ्या बाबांनी जाताना समुद्राकाठचं घर ताईला दिलं आणि आपली गाडी मला. गाडी झकास चालत होती. तिचा गुन्हा एवढाच, की ती पेट्रोलवर चालत होती. आठव्या दिवशी यांनी इंजिन खाली उतरवलं, "महिन्याभरात डिझेलवर करतो," म्हणाले, आणि या गोष्टीला तेरा वर्षं झाली.

त्याच वर्षी ताई आमच्याकडे आली होती. बॉनेट उघडून तिने आत पाहिलं, तर इंजिनाच्या जागी मांजर पिल्लं घालून बसलेलं. "बाबांच्या गाडीचं भंगार केलं तुझ्या नवऱ्याने," ती म्हणाली. आता, मी यांना दिवसभर काय वाट्टेल ते बोलेन, पण दुसऱ्या कुणी बोललेलं मला खपत नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हीच गाडी डिझेलवर चालवत तुझ्या दारात आणीन. तोवर तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही." ताई म्हणाली, "मग मीही त्याआधी इकडे यायची नाही." आम्ही दोघी एकाच बापाच्या लेकी. दर रविवारी तासभर फोनवर बोलत होतो, दुखणीखुपणी, मुलं, शेजारपाजार, सगळं. फक्त गाडीचं नाव काढत नव्हतो आणि एकमेकींचं तोंड पाहत नव्हतो. ताईचं घर बसने तीन तासांवर.

यांना गाडी चालवता येत नाही. "इंजिनवाल्याला ड्रायव्हिंगची काय गरज," असं यांचं म्हणणं. म्हणून मी शिकले, लायसन्स काढलं. पुढे लायसन्सची मुदत संपली, ते नवं करून आणलं. गाडी होती तिथेच होती.

पंपघरात एक फळा आहे. प्रत्येक पंपापुढे खडूने लिहायचं, 'चालू' नाहीतर 'थांबवला'. 'बंद' लिहिलं की वरचे साहेब चौकशीला येतात, त्यामुळे तिथे कुठलाच पंप कधी बंद पडत नाही. ती सवय हे घरी घेऊन आले. जुन्या बाजारातून पेट्रोलचं इंजिन आणायचं, त्यांचे मित्र लेथवाले भाऊजी उंच डोक्याचे पिस्टन करून देणार, प्लगच्या भोकात डिझेलचे नोझल बसणार, मग चालू करायचं आणि ते फुटलं की त्यावर खडूने लिहायचं. 'थांबवलं – गॅस्केट.' 'थांबवलं – क्रँकचे दोन तुकडे.' 'थांबवलं – भाऊजींचा अंगठा.' नवव्यावर नुसतंच 'थांबवलं – बायको' असं आहे.

"अहो, सोडा ना आता," मी किती वेळा म्हटलं असेल.

"थांबवलंय, सोडलेलं नाही," हे म्हणायचे.

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. बोलता बोलता, दुधाचा विषय काढावा तशी ती म्हणाली, "शुक्रवारी जातेय मी. लेकीकडे. कायमची. घर दिलं."

लेक सात समुद्रांपलीकडे. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि पंधरा मिनिटं त्या टेबलापाशी बसून राहिले. मग यांना सांगितलं, "गुरुवारी सकाळी नऊला निघायचं. ताईकडे. आपल्या गाडीने."

हे म्हणाले, "चालेल."

हा होकार होता की गाडीविषयीचा अंदाज, हे मला तेरा वर्षांत कळलेलं नाही.

यांनी रजा टाकली. भाऊजींनी आपलं लेथचं दुकान तीन दिवस बंद ठेवलं. बारावं इंजिन गुरुवारी सकाळी आठ वाजता गाडीत बसलं. डिझेलच्या नळीवर यांनी पंपघरातून आणलेली पाण्याची तोटी लावली होती, पितळी, गोल दांड्याची. मी बॅग मागच्या सीटवर ठेवली, नवा ड्रेस घातला आणि स्टिअरिंगवर बसले. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं. तिसऱ्यांदा तेवढंही केलं नाही. आमच्या गल्लीला उतार आहे, म्हणून हे आणि भाऊजी मागून ढकलायला लागले. निम्म्या उतारावर "क्लच सोड!" असं हे ओरडले. मी सोडला, आणि गाडी थाडकन पेटली.

पेटली म्हणजे चालू झाली. धडधड, थडथड, खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या. मी ब्रेक दाबला, गिअर काढला. मागच्या आरशात पाहिलं तर धुरात दोन माणसं एकमेकांना मिठी मारून नाचताहेत. मला रडू आलं. खरंच आलं.

मग आवाज वाढायला लागला. माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हता, तरी वाढत होता. हे धावत खिडकीशी आले. "बंद कर जरा!"

मी किल्ली फिरवली. मग किल्ली काढून हातात घेतली. इंजिन आपलं जोरात चालूच.

"अहो, बंद होत नाही!"

"किल्लीने ठिणगी बंद होते!" हे ओरडले. "याला ठिणगी लागतेच कुठे!"

तेरा वर्षं हे इंजिन चालू कसं करायचं याचा विचार दोन माणसांनी केला होता. बंद कसं करायचं, हा प्रश्नच कधी आला नव्हता.

यांनी तोटी फिरवली. डिझेल बंद झालं. इंजिन उलट आणखी चेकाळलं. भाऊजींनी कान लावून ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "स्वतःचं ऑइल पितंय! पिस्टनच्या रिंगांमधून वर ओढून घेतंय!"

"म्हणजे डिझेलसुद्धा नको," हे म्हणाले. यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते लग्नातही नव्हतं. "स्वतःच्या जिवावर चाललंय!"

भाऊजींनी अंगातला शर्ट काढला. इंजिन हवा ओढतं त्या तोंडात शर्ट कोंबला की ते गुदमरून थांबेल, एवढाच उपाय होता. ते वाकले, तेवढ्यात मी खिडकीतून ओरडले, "खबरदार भाऊजी! हात लावाल तर! ऑइल किती आहे?"

"चार लिटर."

"चार लिटरमध्ये किती लांब जाईल?"

"वहिनी, हे कुणी कधी मोजलेलं नाही."

"अहो, बसा आत," मी यांना म्हटलं.

हे बसले. मी गिअर टाकला आणि निघाले. गल्लीतून मुख्य रस्त्यावर आले ती तिसऱ्या गिअरमध्ये. मागे धूर एवढा, की लोकांना वाटलं डासांचं औषध मारायला आले. निम्म्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि निम्मे बाहेर येऊन आमच्या गटारावरही मारा म्हणून हात करायला लागले. एक बाई तर गाडीमागे धावली. हे शेजारी बसून मोठ्याने बोलत होते, पण मला फक्त ओठ हलताना दिसत होते. एकदा "दाब" असं ऐकू आलं. ब्रेक दाब म्हणत होते की इंजिनातला दाब वाढलाय म्हणत होते, कोण जाणे. मी चौथा गिअर टाकला. माझ्या डोळ्यांपुढे ताईचं फाटक होतं, दुसरं काही नव्हतं.

बसस्टँडपाशी इंजिनाने एक किंकाळी फोडली. मग खाडकन काहीतरी तुटलं आणि सगळं शांत झालं. गाडी घरंगळत स्टँडच्या कोपऱ्यावर भिंतीशी जाऊन थांबली. हे उतरले, खाली वाकून पाहिलं. पिस्टनचा दांडा इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला होता. तीन किलोमीटर झाले होते.

मी स्टिअरिंग धरून तशीच बसले. समोर ताईच्या गावाची बस लागलेली. कंडक्टर दारात उभा राहून गावाचं नाव पुकारत होता.

"बस सुटेल," हे म्हणाले.

"मी शब्द दिलाय. गाडीने येईन म्हणून."

"निघालीस ना गाडीने? तुझ्या वडिलांच्या गाडीने, डिझेलवर."

"ऑइलवर."

"ऑइलवर," हे म्हणाले. मग यांनी मागचं दार उघडून माझी बॅग काढली. "इथवर मी आणलं, पुढे ती नेईल. ऊठ."

"तुम्ही आणलंत? चालवत कोण होतं?"

"बरं, तू आणलंस. पण ऊठ. उद्या ती नसेल."

मी उठले. हे आले नाहीत. रस्त्यावर ऑइल सांडलं होतं, त्यावरून कुणी घसरू नये म्हणून वाळू टाकायची होती. बस वळली तेव्हा खिडकीतून मला दिसलं, की हे कुठूनशी घमेलं घेऊन आलेत आणि गाडीभोवती वाळू पसरताहेत.

ताईने दार उघडलं आणि मला बघतच राहिली. बसमध्ये माझ्याशेजारी कुणी का बसलं नव्हतं, ते मला तिच्या आरशात पाहिल्यावर कळलं. डोळे सोडले तर सगळं तोंड काळं होतं.

"गाडी कुठाय?" ताईने विचारलं.

"चालली, ताई. शप्पथ चालली."

"मग?"

"थांबवली. स्टँडवर."

ताई हसायला लागली. हसता हसता खोक्यावर बसली, कारण घरात बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं. मग तिने स्वतःच्या हाताने माझं तोंड धुतलं, लहानपणी धुवायची तसं, कानामागेसुद्धा. मी खिडकीतून बाहेर पाहत होते. तिचं फाटक मला वेगळंच वाटलं. पूर्वी एका माणसापुरतं होतं, आता चांगलं दोन झडपांचं, रुंद. ताईकडे तर कधी सायकलसुद्धा नव्हती.

"हे कधी केलंस?"

"त्याच वर्षी," ताई टॉवेल पिळत म्हणाली. "तू गाडी घेऊन येणार म्हणालीस ना."

तेरा वर्षं रोज सकाळी ती ते अवजड फाटक उघडत होती आणि संध्याकाळी लावत होती. बसने तीन तास. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ते मी ताईला सांगितलंही. "मला सांगतेस?" ती म्हणाली. "मला काय बस मिळत नव्हती?"

शनिवारी परत आले. स्टँडवर उतरले तर गाडी कोपऱ्यात तशीच होती, खाली वाळू. बॉनेटवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'बारावं. सोडलं.'

हा शब्द यांनी लिहावा म्हणून मी तेरा वर्षं यांच्या मागे लागले होते, आणि आता तो पाहवेना. मी तरातरा घरी गेले. हे टेबलापाशी बसून चहा पीत होते.

"अहो, सोडलं म्हणजे काय? असं कसं सोडलंत? भाऊजी म्हणत होते रिंगांमुळे झालं, रिंगा बदलता येतील की!"

"कोणी सोडलं?"

"बॉनेटवर लिहिलंय तुम्ही!"

"ते होय," हे म्हणाले. "तुला सोडलं. स्टँडवर. पुढे लिहायचं होतं, पण खडू संपला."

मी बॅग खाली ठेवली आणि समोर बसले. यांनी आपला कप माझ्याकडे सरकवला.

"आणि ताई?"

"विमानतळापर्यंत गेले होते तिच्याबरोबर," मी म्हटलं. "सोडून आले."