खुराड्यावरचे लाल कुलूप

मी एक जुने कुलूप आहे, मित्रांनो. लाल तारेचे, पितळी तोंडाचे. माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला आणि तिथून मला अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांत धाडण्यात आले. काम एकच. पिस्तुलाच्या पोटातून स्वतःला ओवून घ्यायचे आणि त्याला गप्प ठेवायचे. त्या देशात नवे पिस्तूल विकताना दुकानदाराला माझ्यासारखे एक सोबत द्यावेच लागते. ते लावलेच पाहिजे, असे मात्र आमच्या राज्यात कुणी म्हटलेले नाही.

ऑर्व्हल टॅकेटने मला खोक्यातून काढले, उलटसुलट पाहिले आणि तो म्हणाला, "हे कशाला? चोर आला तर त्याला सांगू का, थांब बाबा, किल्ली शोधतो?"

त्याच्या बायकोने, लोरेटाने, मला उचलून खुराड्याला लावले. आमच्याकडे रकून नावाचा चोरटा प्राणी आहे. साधी कडी तो माणसासारखी उघडतो. माझ्यापुढे मात्र त्याने हात टेकले. कोंबड्यांनी मला मान दिला. माझ्या आयुष्यातले कौतुकाचे दिवस तेच.

पुढे घरातल्या बंदुकीला कुलूप सक्तीचे करणारा कायदा येणार, अशी हवा उठली. गावच्या अग्निशमन केंद्रात सभा भरली आणि ऑर्व्हल मला नमुना म्हणून घेऊन गेला. देशाच्या घटनेत शस्त्रांविषयी एकच वाक्य आहे आणि ते दोन्ही बाजूंना पाठ आहे. प्रत्येकाला त्यातले आपले अर्धे जास्त आवडते.

निवृत्त शिक्षिका प्रुइटबाई उठल्या. "त्यात आधी नागरी सैन्याचं नाव आहे. ऑर्व्हल, तू कुठल्या सैन्यात आहेस रे?"

"बाई, पुढे 'शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क' असं लिहिलंय. तुम्ही वर्गातसुद्धा धडा अर्ध्यावरच सोडायचात."

लोक खो खो हसले. मग ऑर्व्हलने मला दोन बोटांत उंच धरले. "आज हे सक्तीचं, उद्या सरकार माझ्या उशाशी येऊन झोपेल! माझ्या पिस्तुलाला हे कधीच लागणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी स्वातंत्र्याचा शत्रू आहे, हे मला त्या दिवशी कळले. तोवर मी फक्त रकूनचा शत्रू होते.

ऑर्व्हलचा धाकटा भाऊ डेल्मर खाण बंद पडल्यापासून त्यांच्याकडेच राहत असे. तो एकेक वस्तू वाटू लागला. मासे धरायची काठी शेजाऱ्याला दिली, चांगला कोट चर्चला दिला. शेवटी कुत्राही देऊन टाकला.

"भाऊजी, कुत्रा का हो दिलात?" लोरेटाने विचारले.

"तिकडे त्याला बरं खायला मिळेल, वहिनी. तुझा मक्याचा पाव खाऊन खाऊन त्याचा देवावरचा विश्वास उडाला होता."

लोरेटा हसली. मग हसायची थांबली आणि थेट नवऱ्याकडे गेली.

"ते कुलूप पिस्तुलाला लाव. डेल्मरचं काही मला ठीक दिसत नाही."

"सगळ्या गावासमोर बोललोय मी. लोक तोंडात शेण घालतील."

"गाव काय तुझा खण उघडून बघणार आहे?"

"मला तर माहीत असेल ना!"

तेव्हा तिने गुपचूप मला खुराड्यावरून काढून पिस्तुलात ओवले. ज्यासाठी जन्मले ते काम मला पहिल्यांदाच मिळाले. त्याच रात्री रकून येऊन दोन कोंबड्या घेऊन गेला.

सकाळी ऑर्व्हलने पिसे पाहिली, मला शोधून काढले आणि म्हणाला, "तिकडे कोंबड्या मरतायत आणि कुलूप इथे झोपा काढतंय!" त्याने मला परत खुराड्याला लावले. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. रकूनविरुद्ध पुरावा होता. डेल्मरविषयी नुसती बायकोची शंका होती.

दुपारी लोरेटा दाण्याची बादली घेऊन आली. मला खुराड्यावर पाहून ती जागीच थिजली. तेवढ्यात घरातून एकच आवाज आला.

डेल्मरच्या दफनाच्या दिवशी शेजाऱ्यांनी इतके जेवण आणले की ते ठेवायला जागा उरली नाही. त्या दिवशी घटनेतल्या त्या वाक्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या सभेत दोन्ही बाजूंनी ऑर्व्हलसाठी खुर्ची धरून ठेवली होती. तो कुठल्याच खुर्चीवर बसला नाही. त्याने मला खिशातून काढून टेबलावर ठेवले.

"माझ्या कोंबड्या सुखरूप आहेत," तो म्हणाला आणि निघून गेला.

तो कुणाच्या बाजूने बोलला, हे न कळल्यामुळे टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

मित्रांनो, तो कायदा झाला नाही. वाद अजून चालू आहे आणि शहाण्यांनी तो जरूर घालावा. पण तुमच्या घरात कुणी आपला लाडका कुत्रा देऊन टाकला, तर निकालाची वाट पाहू नका. त्याच्याजवळ बसा, आणि बसण्याआधी किल्ली फिरवा.

लोरेटाने मला त्या टेबलावरून परत आणले. मी आता पिस्तुलात असते. किल्ली लोरेटाच्या गळ्यात असते. खुराड्याला साधी कडी आहे. रकून येतो, ती उघडतो आणि कोंबडी घेऊन जातो. ऑर्व्हल खिडकीत उभा राहून बघतो. त्याला हाकलत नाही.