बुवांचं तोंड दिसंना

भवानी पेठेतल्या मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की सारजाबाई पहिल्या रांगेत. विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून भरून तिची बोटं सुजली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेव्हा कुठं ती पुन्हा टाळी वाजवू लागली. हिवतापाच्याच गोळ्या, पण सांध्यांनाही लागू पडतात.

"दर सहा महिन्यांनी डोळे तपासून घ्यायचे हं," डॉक्टरांनी बजावलं होतं.

"दुखणं बोटांत, अन् दाखवायचं डोळं?" ती हसली होती. पुढं काही वर्षं औषधांचा दुकानदार गोळ्या देत गेला, ही खात गेली.

त्या संध्याकाळी बुवा अगदी रंगात आले होते. रूप मावळलं की नाम उरतं, म्हणाले. सारजाबाईनं पाहिलं, तर बुवांचा फेटा होता, उपरणं होतं, हातातली झांज होती. मध्ये चेहराच नव्हता. तिचे डोळे भरून आले. आपल्यासारखीवर एवढी कृपा!

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. कुंडलिक भाकरी खात होता.

"बुवांचं तोंड दिसंना व्हय? मग माझं बघ की."

तिनं बघितलं. कान दिसले. खांदे दिसले.

"अवं... तुमचंबी न्हाय."

"मी तर कीर्तनात घोरतो. माझ्यावर कसली कृपा?" तो हसला. ती त्याच्या तोंडावरून चाचपत हात फिरवू लागली, तसा त्यानं घास खाली ठेवला.

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला काळ्या पडद्यापुढे बसवलं. एक डोळा झाकला. "समोर बघा. लाल टाचणी दिसली की सांगा."

मागं उभ्या कुंडलिकला टाचणी लख्ख दिसत होती, थेट तिच्या समोर. ती गप्प. टाचणी हळूहळू सरकली. ती गप्पच.

"साहेब," सारजाबाई म्हणाली, "टाचणी कवा आणताय?"

डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली. गोळीनं नजरेतलं जे गेलं ते परत येणार नाही. औषध अंगात मुरलंय, अजूनही थोडं जाईल. वेळेवर दाखवलं असतं तर नजरेतल्या पहिल्या डागालाच कळलं असतं.

ती घरी गेली नाही. चाचपडत तडक बजाबाईच्या दारात. बजाबाईही कांड्या भरायची, त्याच दुकानातून त्याच गोळ्या घ्यायची.

"माझं डोळं लई झ्याक हायत गं," बजाबाई म्हणाली.

"माझंबी व्हतं." सारजाबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं. "ऊठ. आत्ताच चल."