बधिर जबडा

संघपालची अक्कलदाढ हिवाळ्यापासून ठणकत होती. जर्मनीतल्या त्या गावात दातांच्या डॉक्टरची वेळ मिळणंच मुश्कील. अखेर मिळाली, ती नेमकी त्याचे वडील गेले त्या दिवशीची.

भगवंतराव अकोल्यात एसटीत कंडक्टर होते. स्वतःचा बाप दारूनं गेला म्हणून त्यांनी जन्मभर थेंबाला हात लावला नाही, आणि वस्तीतल्या कितीतरी जणांची सोडवली. त्या दुपारी जेवून उठले आणि दारातच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हा संघपाल खुर्चीत तोंड वासून पडला होता. डॉक्टरीणबाईंनी जबड्यात इंजेक्शन दिलं, दाढ तुकडे करून काढली, वर कापसाचा बोळा दाबला. बाहेर येऊन त्यानं फोन पाहिला. अमरावतीला दिलेली त्याची बहीण माया माहेरी आली होती. तिचेच कॉल होते सगळे.

त्यानं तिथंच फूटपाथवर उभं राहून फोन लावला.

"दादा, बाबा गेले रे!"

पुढं तिला बोलवेना. फोन काकांनी घेतला. "संघपाल, सारे अंगणात बसले हायेत. स्पीकरवर टाकतो. तुह्यासाठी थांबाव का?"

आज निघाला असता तरी परवाशिवाय तो पोचत नव्हता. ऊन तर आग ओकत होतं तिकडं. त्यानं तोंड उघडलं, पण अर्धी जीभ मेल्यासारखी पडली होती, ओठ लोंबत होता, लाळ गळत होती.

"माधी वात... नका पाहू," कसंबसं बाहेर पडलं. "बाबाले... न्या."

पलीकडं कुणीतरी म्हणालं, "पेलेला हाये वाटते."

फोन बंद झाला.

त्यानं लगेच मायाला दाढेचं, इंजेक्शनचं सगळं लिहून मेसेज टाकला. तिनं घरात सांगितलं, दारात सांगितलं. लोकांनी मान हलवली. भावाची बाजू बहीण घेणारच.

तो पोचला तेव्हा त्याच्या आईनं, इंदूबाईंनी, त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेल्या. भेटायला येणारे त्याला मिठी मारत, आणि नाक जरा जास्तच जवळ आणत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आदरांजली वाहताना भगवंतरावांबद्दल खूप जण बोलले. संघपाल उठायला लागला तर काका म्हणाले, "तू बस."

पाहुणे पांगल्यावर तो स्वयंपाकघरात आईजवळ गेला. मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या हातात दिला.

"माय, पाह्य."

त्यानं तोंड उघडलं. सुजलेली हिरडी, काळे टाके. इंदूबाईंनी वाकून बराच वेळ पाहिलं.

"लय दुखलं काय रे?"

"दुखलं. तुले तरी खरं वाटते ना?"

"वाटते ना." त्या भिंतीला टेकून बसल्या. "पन त्या दिवशी नव्हतं वाटलं. तुह्या बापाले उचललं, तवा मी मनातल्या मनात तुलेच शिव्या देऊन राहिली होती. त्यायच्यासाठी रडाचं राहूनच गेलं."

संघपाल तिच्या शेजारी खाली बसला. टॉर्च बंद करायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.